सरका वन्सं, पुढं सरा

मी मूळचा दिंद्रुडचाच, माझा जलम हितलाच, अब्बांचाबी हितलाच. अब्बा पिंजारी व्हते, गाद्या-रजया भरायचे, खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, आन ती तात वाजायची ना, धुनुक धुनुक, ती कानावर आली की बाया घरातून जुन्या गाद्या काढून अंगणात आणून टाकायच्या. मला आवाजाचं येड लागलं ते तिथून. सातवीपोतर शाळा केली, मंग अब्बांनी माजलगावला एका रेडिओवाल्याकडं बसवलं, उस्ताद म्हणायचो आमी त्यांला, लई कडक माणूस, पर हातात इल्म व्हता. रेडिओ समोर आला की पेचकस घ्यायचे न्हाईत, आधी कान लावायचे. मलाबी म्हणायचे, रज्जाक, खोलू नको, आधी ऐक. मी तेच शिकलो बघा आयुष्यात, दुसरं काई शिकलो न्हाई.

बावीस-तेवीस वर्साचा असताना दोन भोंगे, एक मशीन आन एक बॅटरी, एवढ्यावर मपला धंदा टाकला. भोंग्यावर लाल रंगानं लिवलं, रज्जाक साऊंड सर्व्हिस, दिंद्रुड. मोबाईल आले तवा खाली नंबर लिवला. लिंबाच्या झाडावर चढून भोंगा बांधायचा, खाली उतरायचं, हॅलो हॅलो करायचं, परत चढायचं, तोंड जरा मळ्याकडं फिरवायचं. लग्न, हळदी, सप्ते, उरूस, पुढाऱ्यांच्या सभा, सगळ्या कामाला गेलतो मी. सभेचं मला आवडायचं न्हाई, ते लोक माईक तोंडात घालून वरडतात, मशीन तापतं. मंग डीजे आले. भिंतीवाणी ते डबे, छाती हालते माणसाची. पोरं नाचायला लागली आन मपलं काम कमी झालं. शमीम, म्हणजे आमच्या घरच्या, त्या म्हणायच्या, इकून टाका ते भोंगे, भंगारात तरी जातील. म्या न्हाई इकले. कावून न्हाई इकले ते मला सांगता यायचं न्हाई. हळदीचं तेवढं काम राहिलं, कारण हळदीला बाया गाणी म्हणतात, त्यांला डीजे चालत न्हाई, त्यांला माईक लागतो.

आन हळदीतच मला सुनंदावैनी भेटल्या. भेटल्या म्हणजे, काय सांगू तुमाला, भेटल्या न्हाईतच. नुसता आवाज भेटला.

असं व्हतं ताई, आमच्याकडं हळदीला मांडवाच्या एका अंगाला कनात लावतात, त्याच्या आड स्वयपाकाचं काम चालतं. बाया मांडवात बसून गाणी म्हणायच्या आन एक आवाज कनातीच्या आडून यायचा. पहिल्यांदा ऐकला तवा मी मशीनवरचा हात काढून घेतला. कावून, तर मला त्या आवाजाला काईच करायचं नव्हतं. दुसऱ्या बाया गायल्या की इकडं जरा कमी कर, तिकडं जरा चढव, असं करावं लागतं, ह्या बाईचा आवाज येतो तसाच चांगला. म्या बाजूच्या गड्याला इचारलं, कोण हाय रे ही. तो म्हणला, अंकुशची बायको, तिच्या तोंडाला कोड हाय, म्हणून आत बसती.

मंग हळूहळू समजलं. लग्न होऊन आल्या तवा काई नव्हतं त्यांला. दुसऱ्या लेकराच्या बाळंतपणानंतर व्हटाच्या कोपऱ्याला पांढरा डाग आला, मंग डोळ्याच्या भोवती, मंग हातावर. अंकुश माणूस लई भला. लोक काय काय बोलले त्याला, त्यानं एका कानानंबी ऐकलं न्हाई, मपली शेती भली आन मपलं घर भलं. पर वैनींनीच तोंड झाकलं. डोईवरचा पदर असा दातात धरून चालायच्या. लग्नाच्या घरी त्यांला बोलवणं यायचं, गाणं म्हणायला या म्हणून. नवरीला हळद लावायची येळ आली की मात्र कोणीतरी हळूच म्हणायचं, तुमी राहू द्या. म्हणजे आवाज पायजे आन हात नको. हे म्या मपल्या डोळ्यानं पाह्यलेलं हाय. अकरा-बारा वर्सं मी त्या बाईला माईक देत आलो, कनातीच्या खालून वायर सारायची, आतून हात यायचा, माईक घ्यायचा. तोंड म्या नीट पाह्यलेलं नव्हतं.

दुसऱ्या मंदाताई. अंकुशची थोरली बहीण. त्यांला युसूफ वडगावला दिलं व्हतं, नवऱ्यानं दुसरी करून आणली, ह्यांनी दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलली आन एसटीत बसल्या, रडल्याबिडल्या न्हाईत. माहेरी येऊन गिरणी टाकली. आता गिरणी म्हणजे गड्याचं काम समजतात लोक, पट्टा चढवायचा, दगडाला छिन्नीनं टाकी लावायची, ते सगळं त्या मपल्या हातानं करतात. आवाज भरदार, खालच्या पट्टीतला. गिरणीच्या घरघरीत गिऱ्हाइकाशी बोलून बोलून तसा झाला असंल. वैनी आत गिरणीच्या मागं धान्य पाखडत बसायच्या आन दोघी एकमेकींना गाण्यात सवालजवाब करायच्या, गिरणी चालू असताना. म्या स्वता ऐकलेलं हाय, दळण न्यायला गेलतो तवा. घरघर खाली चालू आन ह्या दोघी वरून. माझं पीठ तयार झालं तरी मी तिथंच हुबा.

मंदाताईंनी एक जुनी स्कुटी घेतली, गिरणीचं सामान आणायला. चालवायला कोणी शिकवलं न्हाई, मागल्या मोकळ्या रानात पडत झडत शिकल्या. पहिल्यांदा माजलगावला निघाल्या तर वैनींना मागं बसवलं. आता नणंदेला आमच्याकडं वन्सं म्हणतात, हे तुमाला ठावं असंल. तर वन्सं बसल्या सीटाच्या मधोमध आन वैनी मागं लोखंडावर, दर खड्ड्याला उडतात. वैनी म्हणल्या, सरका वन्सं, जरा पुढं सरा. वन्सं म्हणल्या, मी सरले तर हँडल हातात राहायचं न्हाई. हसून हसून दोघींची वाट लागली आन तिथंच त्या रोडवर गाणं जुळलं. वैनींचं असं,

सरका वन्सं, पुढं सरा,
मलाबी लागू द्या गार वारा.

आन त्याच्यावर मंदाताईंचा जवाब,

घट्ट बसा वैनी, पदर आवरा,
ब्रेक न्हाई लागत, म्हणा हरीहरा.

पुढं माजलगाव येईपोतर लई कडवी हायत, त्यात एक मोटारसायकलवाला येतो, एक म्हैस येती, शेवटी वैनी हँडल धरतात आन वन्सं मागं बसतात. हे गाणं त्यांनी एका हळदीत दुपारच्याला दोघींनी कनातीच्या आड बसून म्हणलं, आन काय सांगू, बाया लोळल्या हसून. नवरीची आजी उठून हुबी राहिली. कोण्या पाव्हण्यानं मोबाईलमधी काढून घेतलं. कनात दिसती, भोंगा दिसतो, दोघी दिसत न्हाईत, आवाज तेवढा येतो. तेवढंच ह्या मोबाईलचं त्या मोबाईलात करत करत कुठं कुठं गेलं. आन भोंगा दिसतो म्हणजे माझा नंबरबी दिसतो.

फोन मलाच आला म्हणून. गाण्याची कंपनी हाय म्हणाले, ह्या दोघी कोण हायत, त्यांचं गाणं आमाला काढायचं, व्हिडिओ करायचा. मला आधी वाटलं कोणीतरी फसवतंय. शमीम म्हणल्या, फसवतंय तर फसवू द्या, इचारा तरी. तसं म्या जाऊन सांगितलं. मंदाताई एका झटक्यात हो म्हणल्या. वैनी म्हणल्या, गाणं म्हणीन, पर मी दिसायची न्हाई. तेवढ्यावर ठरलं. कंपनीनं त्यांचं नावबी ठेवलं, वन्सं-वैनी. आता सगळे तेच म्हणतात.

बीडला स्टुडिओत त्या गेल्या तवा मीबी संगं गेलो, मपल्याला हौस. ते काचेचं घर, भिंतीला स्पंज लावलेला, टाचणी पडली तरी ऐकू येईल. त्यांचं म्हणणं, एकीनं आधी गायचं, मंग दुसरीनं, नंतर जोडू. वैनी आत गेल्या, कानाला ते लावलं, आन आवाजच फुटंना. तीनदा केलं, चारदा केलं. तो स्टुडिओवाला घामाघूम. मला राहावलं न्हाई, म्या म्हणलं, साहेब, ह्या समोर कोणी असल्याबिगर गात न्हाईत, वन्संला आत धाडा. न्हाई हो न्हाई हो करत धाडलं. दोघी एका माईकसमोर, खांद्याला खांदा. एका दमात गाणं झालं, वैनी मधी एका जागी खरंच हसल्या, ते हसणंबी तसंच ठेवलं हाय गाण्यात, ऐका कवातरी. स्टुडिओवाला माझ्याकडं पाहून म्हणला, चाचा, तुमी कुठं शिकले. म्या म्हणलं, झाडावर.

मंग व्हिडिओचं आलं. डायरेक्टर म्हणून निखिल नावाचा पोरगा आला पुण्याहून, तिशीतला, दाढीवाला, वागायला चांगला, पायातले बूट काढून घरात यायचा. मंदाताईच्या वसरीवर बसून आमी चहा घेतला. वैनींनी चहा प्यायला पदर जरा खाली केला आन त्यानं पाह्यलं. म्या त्याच्या तोंडाकडं पाहत व्हतो. त्यानं चहा संपवला आन गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा मला फोन. म्हणला, चाचा, एक अडचण हाय, कंपनी म्हणती पडद्यावर दोन मॉडेल घ्यायच्या, आवाज ह्यांचाच, नाव ह्यांचंच, फक्त तोंड दुसऱ्यांचं, तसंबी काकू दिसायला तयार न्हाईत, मंदाकाकूला एकटीला घेतलं तर बरं दिसणार न्हाई, तुमी जरा समजून सांगा.

आन ताई, मी हो म्हणलं.

हे मी लपवत न्हाई. मला वाटलं, बरंच झालं, त्या बाईची झाकली मूठ राहती, कोणी नाव ठेवायचं न्हाई. मी चांगल्यासाठीच हो म्हणलं, असं मला तवा वाटलं. गिरणीवर जाऊन सांगितलं. मंदाताईंनी चालू दळणात बटण बंद केलं. गिरणी बंद पडली की एकदम कसं होतं, कान बहिरे झाल्यागत. गिऱ्हाईक सगळे आमच्याकडं पाहतात. त्यांनी इचारलं, तुमी काय म्हणले त्याला. म्या म्हणलं, हो म्हणलं. त्यांनी परत बटण दाबलं आन माझ्याकडं पाठ केली. मागून वैनी म्हणल्या, बरं झालं, भाऊ. म्या ते धरून चाललो, की वैनी खुश हायत. मंदाताई माझ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. मी मपल्या मनाला म्हणायचो, ज्यांचं तोंड हाय त्यांला चालतंय, तर ह्यांचं काय.

शूटिंग धारूरच्या घाटात ठरली. गाणं मोठ्यानं लावायला साऊंड लागतो, त्याशिवाय मॉडेलला ओठ कसे हालवता येतील, तर ते काम मलाच दिलं. स्कुटी मंदाताईचीच पायजे व्हती, तिच्यावर पिठाचे डाग हायत म्हणून डायरेक्टरला ती आवडलेली. मंदाताई म्हणल्या, मी मपली गाडी परक्याच्या हाती देणार न्हाई, मी संगं येणार. वन्सं चालल्या म्हणून वैनीबी चालल्या. आन कपडेवाल्या बाईनं आधीच घरून वैनींची जांभळी साडी मागून नेलती, खरीखुरी पायजे म्हणून.

सकाळी सात-साडेसातला घाटात पोचलो. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, माकडं कठड्यावर बसलेली. दोन पोरी आल्या पुण्याच्या, पोरी चांगल्या व्हत्या, त्यांचा काई दोष न्हाई. एकीनं मंदाताईवाणी साडी खोचली, दुसरीनं वैनींची जांभळी नेसली. लुगडं नेसून स्कुटी चालवायची त्यांला सवय न्हाई, म्हणून दोन गडी गाडी मागून ढकलायचे आन त्या पुढं ओठ हालवायच्या. मी टेम्पोत डबे बांधून बसलेलो. डायरेक्टर हात वर करायचा, मी बटण दाबायचो, आवाज घाटात घुमायचा, सरका वन्सं, पुढं सरा. परत कट, परत लाव. आठ-दहा येळा झालं.

वैनी टेम्पोच्या मागं दगडावर बसल्या व्हत्या, पदर दातात. मी मधीच त्यांच्याकडं पाह्यलं तर त्या त्या पोरीकडं एकटक पाहत व्हत्या. साडी त्यांची, आवाज त्यांचा, गाडी त्यांच्या वन्संची, आन बसलेली दुसरीच. बरं झालं भाऊ, असं त्या म्हणल्या व्हत्या, ते कसं म्हणल्या व्हत्या हे म्या ऐकलंच नव्हतं. उभं आयुष्य कानावर काढलं आन तेवढं ऐकू आलं न्हाई.

त्या उठल्या. टेम्पोपाशी आल्या आन मला म्हणल्या, भाऊ, ते बंद करा.

म्या म्हणलं, वैनी, शॉट चालू हाय.

त्या म्हणल्या, माझा आवाज हाय ना त्यो? मंग बंद करा.

म्या बंद केलं. ताई, असं एका क्षणात सगळं शांत झालं, नुसता वारा. त्या पोरी तोंड उघडं ठेवून तशाच. डायरेक्टर वरडला, चाचा काय झालं, वायर गेली का. म्या म्हणलं, वायर ठीक हाय. वैनी चालत त्याच्यापाशी गेल्या. सगळे पाहतात, ढकलणारे गडी, मेकअपवाली, सगळे. त्यांनी पदर दातातला सोडला. खाली केला. आन हळू आवाजात, भांडणाच्या न्हाई, साध्या आवाजात बोलल्या.

म्हणल्या, तोंड म्या झाकलं व्हतं, दादा. ते माझं मी झाकलं. तुमी झाकू नका.

मंदाताई जाग्यावरून हालल्या न्हाईत, मी पाह्यलं, हातातली गाडीची चावी तेवढी घट्ट धरून हुब्या व्हत्या, आन डोळे भरलेले. नवऱ्याच्या दारातून ट्रंक उचलताना न रडलेली बाई ती.

डायरेक्टर मोबाईल घेऊन वर चढून गेला, खाली रेंज न्हाई. लई येळ बोलत व्हता, हातवारे दिसत व्हते. खाली आला, कठड्यावर बसला, म्हणला, कंपनी न्हाई म्हणती. मंग उठला आन म्हणला, काकू, मी एकदा काढतो, तुमच्या दोघींचं, पुढं काय होईल ते माझ्यावर सोडा. त्याचीबी नोकरी व्हती बरं, म्हणून मी त्याला मानतो.

ती मॉडेल पोरगी, तन्वी तिचं नाव, तिनं टेम्पोच्या आड जाऊन जांभळी साडी सोडली, घडी घालून आणून वैनींच्या हातात दिली. काकू, तुमच्यासारखं हसायला मला येतच नव्हतं, असं म्हणली. मेकअपवाली डबी घेऊन आली, म्हणली, डाग झाकते, कोणाला कळणारबी न्हाई. वैनी म्हणल्या, बाई, कुंकू तेवढं नीट लाव.

मंग असं केलं. कॅमेरा टेम्पोच्या मागल्या बाजूला, डबे मागं तोंड करून, मी डब्याला धरून बसलेलो, आन मागून खरी स्कुटी, मंदाताई चालवतात, वैनी मागं. ढकलायला कोणी न्हाई. टेम्पो उतारानं निघाला, म्या गाणं लावलं. पहिल्या वळणावर वैनींचा पदर डोईवरून घसरला, त्यांनी हात नेला, धरला. दुसऱ्या वळणावर परत घसरला. परत हात नेला. तिसऱ्याला त्यांनी हात नेलाच न्हाई. पदर खांद्यावर, केस मोकळे झालेले, ऊन सरळ तोंडावर. आन त्या ओठ हालवत नव्हत्या ताई, गात व्हत्या, डब्याच्या आवाजाच्या वर मला त्यांचा खरा आवाज ऐकू येत व्हता. वन्संनी खरंच पुढं सरून जागा दिली, मंग वैनी खरंच हसल्या. गव्हाळ तोंड, त्याच्यावर पांढरं, डोळ्याभोवती, व्हटापाशी, जशी आभाळात ढगाची नक्षी असती. इतक्या वर्सात म्या पहिल्यांदा ते तोंड उजेडात पाह्यलं. लई देखणी बाई हाय. मी मपल्या बहिणीकडं पाहावं तसं पाहून सांगतो.

डायरेक्टर कट म्हणायचं इसरला. घाट संपला, खाली सपाट रोड लागला, गाणं संपलं, तरी कॅमेरा चालूच. शेवटी मंदाताईच वरडल्या, अहो, आता कुठवर न्यायचं, पेट्रोल संपंल.

मागाहून कळलं, त्यानं कंपनीला दुसरं काई धाडलंच न्हाई. मॉडेलवालं जे काढलं व्हतं ते त्यानं दाखवलंच न्हाई, हेच हाय म्हणला, घ्यायचं तर घ्या. महिनाभर फोन न्हाई का काई न्हाई. आमी समजलो गेलं. मंदाताई गिरणीत, वैनी घरात, मी मपल्या दुकानात. पर एक झालं, मंदाताई माझ्याशी बोलायला लागल्या. म्या माफी मागितली तर म्हणल्या, बटण बंद केलं ना तुमी तवा, झालं मंग.

मंग एका दुपारी निखिलचा फोन, चाचा, गाणं आलं. आमच्या घरी सगळे जमले, अंकुशबी आला, शमीमनी मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. वैनींनी एकदाच पाह्यलं. सगळे त्यांच्याकडं पाहतात, आता काय बोलतात म्हणून. त्या म्हणल्या, वन्सं, तुमचा सोगा चाकापाशी गेलता बघा, गुंतला असता म्हणजे. अंकुश उठून बाहेर गेला, अंगणात तंबाखू मळत हुबा राहिला लई येळ. परत आला तवा म्हणला, परत एकदा लावा.

लई चाललं गाणं. लग्नात वाजतं, ट्रॅक्टरवर वाजतं, आता डीजेवालेबी वाजवतात, मला हसू येतं. खाली लोक लिवतात ना मोबाईलमधी, त्यात घाणबी लिवली काईंनी, कोडाबद्दल. वैनींची लेक वाचून दाखवत व्हती, घाण आली की गिळायची. वैनी म्हणल्या, सगळं वाच, मला कळतं तू कुठं थांबतीस ते. ऐकलं सगळं. मंग उठून भाकरी टाकायला गेल्या. सगळं बदललं असंबी न्हाई, दोन-चार घरं अजून हायत, तिथं हळद लावायला त्यांला पुढं करत न्हाईत. त्याबी आता त्या घरी गायला जात न्हाईत, साफ सांगतात.

एक सांगायचं राहिलं. उमापूरहून एक मायलेकी आल्या व्हत्या, लेक अठरा-एकोणीसची, तिच्या गळ्यावर, हनवटीवर तसंच, आली तवा ओढणी हनवटीपोतर घट्ट गुंडाळलेली. दुपारभर बसल्या वैनींपाशी. मी तिथंच माईकची वायर नीट करत व्हतो. कोडाचं कोणीच काढलं न्हाई. बाजरीचं बोलल्या, शिवणाच्या क्लासचं बोलल्या, वैनींनी पोरीला गाण्याचं एक कडवं शिकवलं. निघताना पोरगी ओढणी खांद्यावरच ठेवून गेली. तिच्या मायच्या ध्यानात आलं, माझ्याबी आलं.

आता दोघी कार्यक्रमाला जातात, जत्रंला, कॉलेजात. साऊंड माझाच पायजे असं मंदाताई आधीच सांगतात समोरच्याला. मी मागं बसतो मशीनवर. माझा उजवा कान गेल्यागत झालाय, डॉक्टर म्हणतात जन्मभर भोंग्याखाली बसले, आता काई व्हायचं न्हाई. म्या म्हणलं, राहू द्या, डावा हाय. पुढं मागं तोबी जाईल, वय झालं, त्याला कोण काय करणार. दुसऱ्या गाण्याची तयारी चालू हाय, ते काय हाय ते मी सांगणार न्हाई, मंदाताई रागावतील. रोज पाच वक्ताची नमाज झाली की मी दुवा मागतो, मपल्या लेकरांच्या संगं ह्या दोघींचंबी नाव घेतो, या अल्ला, ह्यांचा गळा असाच ठेव, दोघींना एकमेकींसाठी सलामत ठेव. तुमी एवढ्या लांबून आल्या, एवढं सगळं लिवून घेतलं, तुमचंबी भलं होवो. चहा गार झाला बघा, थांबा, दुसरा सांगतो.